बाण किती नेतो, धनुष्य किती ठेवते

‘लागला तर तीर, नाही तर तुक्का’ ही म्हण आपण दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवतो. मुलाने परीक्षेत अंदाजाने उत्तर लिहिले की तुक्का, गृहिणीने न मोजता मीठ टाकले आणि भाजी जमली की तोही तुक्काच. पण तुक्का म्हणजे नेमके काय, असे मी वर्गात विचारतो तेव्हा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. हिंदी-उर्दूतून आपल्याकडे आलेला हा शब्द. त्याचा मूळ अर्थ बिनपात्याचा, बोथट टोकाचा तीर. म्हणजे म्हणीतला तुक्कादेखील धनुष्यातूनच सुटलेला असतो. त्याला फक्त पाते नसते, आणि पाते नाही म्हणजे पात्याचे वजनही नाही.

हे वजन नसणे म्हणजे काय, याचा विचार मी तरी अलीकडेपर्यंत केला नव्हता. आम्ही भाषेची माणसे. ‘गुण’ म्हणजे धनुष्याची दोरी आणि ‘गुण’ म्हणजे सद्गुण, या श्लेषावर संस्कृत कवींनी केलेल्या कसरती शिकवण्यात आमचा तास संपतो. ‘ज्या’ म्हणजेही दोरीच. हा शब्द आपल्या ज्योतिषांच्या गणितातून अरबांकडे गेला, तेथे त्याचे ‘जैब’ झाले, लॅटिनमध्ये त्याचे ‘सायनस’ झाले आणि शाळेत मुलांना रडवणारा ‘साइन’ होऊन तो घरी परत आला. धनुष्याच्या शब्दांचा प्रवास असा मैलोगणती सांगता येतो. पण तेच धनुष्य, तीच ओढ, आणि एक बाण हलका नि एक जड, तर धनुष्याचे बळ जास्त कोण नेतो? हा प्रश्न मात्र आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

वाचकांनीही पुढे वाचण्याआधी मनाशी उत्तर ठरवावे. दहापैकी आठ जण ‘हलका’ म्हणतील असे मला वाटते. हलका बाण सणसणत जातो, जड बाण आळसावून जातो. वेग म्हणजेच बळ, हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की शंकाच येत नाही.

या चुकीत आपण एकटे नाही. शिकंदराबरोबर आलेल्या ग्रीकांनी भारतीय तिरंदाज पाहिले आणि त्यांची वर्णने पुढच्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवली. त्यातला एक आरियन. शिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या आधाराने तो सांगतो की भारतीयांचे धनुष्य माणसाएवढे उंच असते, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून धरतात आणि दोरी खूप मागे ओढतात. बाण असतो जेमतेम तीन हातांहून कमी, आणि ढाल म्हणा, चिलखत म्हणा, त्यापुढे काहीच टिकत नाही. दुसरा इतिहासकार रोमन, क्विंटस कर्टियस. तो त्याच बाणाबद्दल नेमके उलटे लिहितो. त्याच्या मते हे बाण सोडताना कष्ट फार आणि परिणाम थोडा. कारण बाणाची सारी शक्ती त्याच्या हलकेपणात असते आणि या लोकांनी त्याच्यावर नको तो बोजा लादला आहे.

एकच बाण. एकाला तो चिलखत फोडणारा दिसतो, दुसऱ्याला ओझ्याचा बैल. दोघांपैकी कोणाच्या बाजूने निकाल द्यायचा, हे मला कळले ते ग्रंथालयात नव्हे, माकुणसारला.

माकुणसार हे माझ्या पत्नीचे माहेर. पश्चिम रेल्वेच्या सफाळे स्टेशनवर उतरून समुद्राच्या अंगाने केळव्याकडे जाताना हे गाव लागते. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, तोवर आम्ही ठाणे जिल्हाच म्हणत होतो. नारळ, केळी, आणि जिकडे पाहावे तिकडे उभे ताड. पलीकडे बोईसर-तारापूरला कारखाने आहेत, अणुवीज केंद्र आहे. अलीकडे अजून वाड्या आहेत, आणि डोंगराच्या बाजूला आदिवासी पाडे.

नवरात्रात तेथे गेलो असता मेहुण्याच्या बारा वर्षांच्या चिरंजिवांनी धनुष्य तयार केले होते. बांबूची कामठी, तिला सुतळी, आणि बाण म्हणून खराट्यातले हीर. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी हा उद्योग केला असेल. हीर असे काही सुसाट जात की पाहत राहावे. तिसऱ्या दिवशी मात्र कामठीला मधोमध चीर गेली. मुलगा हिरमुसला. “आतोबा, बांबूच वाईट होता,” असे त्याने मला सांगून टाकले.

वाडीत शिंपण्याच्या कामाला एक वयस्क वारली गृहस्थ येत. त्यांनी कामठी हातात घेऊन उलटीपालटी केली, मग खाली पडलेला हीर उचलून तळहातावर तोलला आणि म्हणाले, “बांबू बरा हाय. काडी हलकी. काडी मार नेत नाय, मग मार कमठ्यातच ऱ्हातो.”

मी त्यांना म्हटले, “बाबा, पुन्हा सांगा.” त्यांनी पुन्हा सांगितले नाही. मास्तर माणसाला एवढी सोपी गोष्ट दोनदा का सांगावी लागते, अशा नजरेने माझ्याकडे पाहून ते पाटाकडे वळले. पण त्या वाक्यात सगळे शास्त्र आले होते. ते उलगडायला मला पुढे भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याचे चार चहा लागले.

सहकाऱ्याने मला धनुष्य सोडून हातगाडी घ्यायला सांगितले. समजा, एका हातगाडीवाल्याने आपली सारी ताकद लावून गाडी दहा पावले ढकलली आणि समोर दगडी पायरी आली. गाडी पायरीला अडकून थांबली आणि गाडीवरचे पोते उसळून पुढे गेले. आता हातगाडीवाल्याने जी ताकद लावली तिच्यातली किती पोत्याबरोबर गेली? सगळी नाही. त्याला पोत्याबरोबर गाडीलाही पळवावे लागले होते. गाडी आणि पोते एकाच वेगाने धावत होती, तेव्हा ताकद दोघांत वजनाच्या प्रमाणात वाटली गेली. गाडी जेवढ्यास तेवढे पोते असेल तर निम्मी पोत्याने नेली, निम्मी गाडीत राहिली आणि पायरीवर आदळली. पोते गाडीच्या तिप्पट वजनाचे असेल तर तीन हिस्से पोत्याबरोबर गेले, एकच हिस्सा पायरीने खाल्ला. आणि गाडी रिकामी असेल तर? सारीच्या सारी ताकद पायरीवर. चाक निखळेल, नाही तर आंखच मोडेल.

धनुष्यात हातगाडी म्हणजे धनुष्याचीच दोन टोके आणि दोरी, आणि पोते म्हणजे बाण. आपण दोरी ओढतो तेव्हा धनुष्य वाकते आणि आपल्या हाताचे श्रम त्यात साठतात. सोडले की धनुष्याला आधी स्वतःची टोके पुढे न्यावी लागतात, दोरी न्यावी लागते आणि त्यांच्याबरोबर बाण. दोरी ताठ झाली की पायरी आली. टोके थांबतात, बाण सुटतो. टोकांच्या अंगात जी ताकद उरली तिला जायला जागा नाही. ती धनुष्याला हादरवते, हाताला झिणझिण्या आणते, टणत्कार करते. कवींनी ज्या टणत्कारावर इतकी कडवी रचली तो खरे म्हणजे बाणाला न मिळालेल्या बळाचा आवाज आहे. हे कळल्यापासून टणत्काराचे वर्णन शिकवताना माझा सूर थोडा उतरला आहे.

हा हिशेब पहिल्याने नीट मांडला तो अमेरिकेतल्या काही पदार्थवैज्ञानिकांनी, १९३० नंतरच्या काळात. क्लॅरेन्स हिकमन हा त्यांच्यातला एक. तो तरुणपणी रॉकेटवाल्या गोडार्डचा सहायक होता आणि पुढे बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. पॉल क्लॉप्स्टेग हा दुसरा. त्याने तुर्की धनुष्यांवर १९३४ साली एक पुस्तक लिहिले आणि १९४३ साली धनुष्यबाणाच्या पदार्थविज्ञानावर एक लेख लिहिला. क्लॉप्स्टेगची युक्ती मोठी सुटसुटीत आहे. धनुष्याच्या हलणाऱ्या भागांचा सगळा गुंता त्याने एका आकड्यात बसवला. बाणाच्या वजनाला जणू एक अदृश्य वजन चिकटलेले आहे असे धरायचे. एकाच धनुष्याला निरनिराळ्या वजनांचे बाण लावून पाहिले तरी हा आकडा जवळपास तोच राहतो. आपण त्याला धनुष्याचा ‘आपला बोजा’ म्हणू. हातगाडीच ती, ग्रॅममध्ये मोजलेली.

आता थोडे आकडे. कंटाळू नये, सोन्याच्या भावापेक्षा हे सोपे आहेत. धनुष्य असे घेऊ की पूर्ण ओढल्यावर ते अठरा किलोंचा जोर मागते आणि दोरी अर्धा मीटर मागे येते. ओढ शून्यापासून अठरापर्यंत चढत जाते म्हणून सरासरी नऊ किलो. नऊ गुणिले अर्धा म्हणजे साडेचार. साडेचार किलो गव्हाची पिशवी जमिनीवरून एक मीटर उंच ओट्यावर ठेवायला जेवढे श्रम लागतात तेवढेच या धनुष्यात साठले, शास्त्राच्या मापात सुमारे ४५ ज्यूल. धनुष्याचा आपला बोजा १० ग्रॅम धरू.

पहिला बाण १५ ग्रॅमचा, म्हणजे जुन्या मापाने सव्वा तोळा. एकूण वजन २५, त्यात बाणाचा वाटा १५. शंभरातले साठ हिस्से त्याने नेले, ४५ पैकी २७ ज्यूल. वेग सेकंदाला ६० मीटर. दुसरा बाण ३० ग्रॅमचा, अडीच तोळे. एकूण ४०, वाटा ३०. शंभरातले पंचाहत्तर हिस्से, सुमारे ३४ ज्यूल. वेग उतरून ४७ मीटरवर आला. वजन दुप्पट झाले तरी वेग निम्मा झाला नाही, आणि नेलेले बळ कमी व्हायच्या ऐवजी वाढले. तिसरा घेऊ ९० ग्रॅमचा. तो जेमतेम ३० मीटरच्या वेगाने रखडत जाईल, पण शंभरातले नव्वद हिस्से घेऊन जाईल. आणि आमच्या चिरंजिवांचा हीर? तो दोन ग्रॅम भरला तर याच धनुष्यातून जेमतेम सहावा हिस्सा नेईल. बाकीचे पाच हिस्से कमठ्यात. बाबांचा ‘मार’ तो हाच.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बाण जसजसा जड करावा तसतसा त्याचा वाटा वाढतो, पण वाढीची चाल मंदावत जाते. १५ वरून ३० ग्रॅमला गेलो तेव्हा पंधरा हिस्से वाढले. पुढचे पंधरा हिस्से मिळवायला ३० वरून थेट ९० ला जावे लागले. म्हणून शहाणा तिरंदाज कोठेतरी थांबतो.

पण लक्ष्यात घुसण्याचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. तेथे दुसरीही एक गोष्ट लागते. रिकामी सायकल आणि भरलेली बैलगाडी सारख्याच सावकाश चालली असली तरी बैलगाडी थांबवणे कठीण. वजन आणि वेग यांच्या या गुणाकाराला संवेग म्हणतात. आपल्या अडीच तोळ्यांच्या बाणाचे बळ सव्वा तोळ्याच्या बाणाहून सव्वापट आहे, तर संवेग दीडपटीहून जास्त आहे. बाण आत जातो तो बळामुळे की संवेगामुळे, यावर जाणकारांत वाद आहे. आपल्याला त्या वादात पडण्याचे कारण नाही, कारण दोन्ही हिशेबांत जड बाणच पुढे आहे. शिवाय हलक्या, वेगवान बाणाला हवा अधिक अडवते. तो आपली कमाई वाटेतच उडवत जातो. जड बाण ती जपून नेतो.

मला हे कागदावर पटले, पण मन मानेना. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा माकुणसारला गेलो तेव्हा बाबांना गळ घातली. त्यांच्या घरात आढ्याला एक जुना कमठा होता. १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आली तेव्हापासून तो शोभेलाच आहे, असे ते हसून म्हणाले. बांबूच्या दोन सारख्या काठ्या घेतल्या, दोघींची टोके सारखी तासली. एकीच्या टोकामागे त्यांनी सुतळी गुंडाळून वर ओली माती थापली आणि उन्हात वाळवली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक भरली सतरा ग्रॅम, दुसरी एकतीस. वाडीत केळीचे घड काढून झालेले खोड उभे होते. पंधरा पावलांवरून बाबांनी दोन्ही बाण पाच-पाच वेळा मारले. हलका बाण दिसलाच नाही, खोडात रुतल्यावरच कळले. जड बाण डोळ्यांना जाताना दिसला. आणि प्रत्येक वेळी तोच खोल गेला, कधी दोन बोटे जास्त, कधी तीन. दुसरी गोष्ट मुलाने हेरली. तो म्हणाला, “आतोबा, जड बाणाला कमठा आवाज कमी करतो.” मी त्याच्या पाठीवर थाप मारली. बारा वर्षांच्या मुलाने कानाने ओळखले ते समजायला मला चार चहा लागले होते.

बाबांनी माती टोकाशी थापली, मागे नाही, हेही सांगितले पाहिजे. वजन पुढे असले की बाण सरळ जातो. मागच्या पिसांना तो वळवणे सोपे जाते. आपल्या जुन्या धनुर्विद्येच्या ग्रंथांनी यावर विचार केलेला आहे. चौदाव्या शतकातल्या ‘शार्ङ्गधरपद्धती’ या संग्रहात धनुर्वेदाचे प्रकरण आहे. तेथे बाणांचे तीन वर्ग केले आहेत. पुढे जाड तो स्त्री-बाण, मागे जाड तो पुरुष-बाण आणि सर्वत्र सारखा तो नपुंसक. पहिला दूर जातो, दुसरा कठीण लक्ष्य फोडतो, तिसरा नेमबाजीच्या सरावाला उत्तम. नावे कशीही असोत, वजन कोठे ठेवावे हा प्रश्न त्या ग्रंथकाराला पडला होता हे महत्त्वाचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर आयुधागाराच्या अध्यायात धनुष्यांची लाकडे मोजून दिली आहेत. त्यात पहिले नाव ताडाचे आहे. माकुणसारला ताडाखाली बसून ताडगोळे खाताना हे आठवले की गंमत वाटते. बाणांच्या यादीत तेथे वेळूचा बाण आहे, शर नावाच्या गवताच्या काडीचा आहे, आणि नाराचही आहे. नाराच म्हणजे अंगभर लोखंडाचा बाण. महाभारतात हत्तीवर आणि कवचावर नाराच वापरल्याची वर्णने येतात. मी ती वर्षानुवर्षे शिकवली आणि ‘नाराच’ला ‘एक प्रकारचा बाण’ एवढीच टीप दिली.

मग हलका बाण कोणी वापरावाच का? वापरावा, कारण जड बाणाला किंमत मोजावी लागते. आपलेच दोन बाण वीस मीटरवरच्या लक्ष्यावर सरळ रोखून सोडू. हलका एक-तृतीयांश सेकंदात पोचतो आणि तेवढ्या वेळात अर्धा मीटरभर खाली येतो. जड बाण त्याहून दीड वीत आणखी खाली उतरतो. म्हणजे अंतराचा अंदाज चुकला की जड बाणवाला अधिक चुकला. रानात पंधरा-वीस पावलांवर दबा धरून बसणाऱ्याला याचे भय नाही. अंतर त्याच्या पायाखालचे असते. मैदानात दूर मारणाऱ्याला मात्र हा फरक भोवतो. इस्तंबूलच्या ओकमैदानात जुने तुर्क केवळ दूर मारण्याच्या शर्यती लावत आणि विक्रमाच्या जागी दगडी खांब उभारत. त्यांचे बाण बोरूसारखे सडपातळ, वजन सव्वा तोळ्याच्या आसपास. लक्ष्य फोडायचे नव्हतेच, जायचे होते. उलट १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्रज लढाऊ जहाज १९८२ साली समुद्रातून वर काढले, त्यात दीडशेच्या वर धनुष्ये आणि हजारो बाण सापडले. त्या नमुन्यावर पात्यासकट घडवलेले लढाईचे बाण साठ ग्रॅमपर्यंत भरतात. तेथे समोर चिलखत होते.

आजच्या खेळातले तिरंदाज या दोन टोकांमध्ये उभे आहेत, पण कल हलक्याकडे. त्यांना काही फोडायचे नसते, नेमके लागायचे असते. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक जगज्जेती झाली. अंतिम फेरीत दीडशेपैकी १४९ गुण. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता झाला, दीडशेपैकी दीडशे. दोघेही साताऱ्याला प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले. या प्रकारात लक्ष्य पन्नास मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटिमीटरचे, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. धनुष्याची ओढ साठ पौंडांपेक्षा जास्त चालत नाही, सुमारे सत्तावीस किलो. ओढीला मर्यादा घातली की खेळाडूच्या हाती उरते ते मुख्यतः बाणाचे वजन. हलका घ्यावा तर पन्नास मीटरवर तो कमी खाली येतो, ओढीतली बारीकशी चूक झाकली जाते. फार हलका घ्यावा तर आडवा वारा त्याला ढकलतो आणि धनुष्य हादरते. म्हणून हे खेळाडू बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. पंधरा ग्रेनचा एक ग्रॅमही पुरा होत नाही. एका संचातले सगळे बाण या मापाने सारखे लागतात. आमच्या घरी दिवाळीच्या करंज्याही एवढ्या सारख्या होत नाहीत. वजनाखेरीज बाण किती लवतो हेही पाहावे लागते, कारण सुटताना तो मासळीसारखा वळवळत निघतो. पण ते प्रकरण वेगळे आहे आणि मला पुरते सांगता येण्याजोगे नाही.

या हलकेपणालाही खालची हद्द आहे, आणि घरात मुले असलेल्यांनी ती लक्षात ठेवावी. आजकालची कंपाउंड धनुष्ये बनवणारे साधारणपणे सांगतात की ओढीच्या दर पौंडामागे बाण निदान पाच ग्रेन असावा. साठ पौंडांना तीनशे ग्रेन, म्हणजे १९ ग्रॅमांच्या वर. लाकडी किंवा बांबूच्या धनुष्याला जाणकार आणखी वजन मागतात, दर पौंडामागे आठ-दहा ग्रेन. त्याखाली गेले की धनुष्याला जवळजवळ रिकामी हातगाडी पायरीवर आदळल्याचा अनुभव येतो. आणि बाण न लावता नुसतीच दोरी ओढून सोडणे हे तर सर्वांत वाईट. बाणाचा वाटा शून्य, सगळे बळ धनुष्यात. असे धनुष्य मोडताना त्याचा तुकडा मोडणाऱ्याच्याच तोंडाकडे येऊ शकतो. जत्रेत, सहलीच्या ठिकाणी किंवा शाळेच्या रामलीलेत कोणाच्या हातात धनुष्य आले की तो पहिल्याने हेच करतो. खऱ्या धनुष्याची दोरी रिकामी सोडू नये, हे तिरंदाजीच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात. ओढलेली दोरी बाण नसेल तर हाताने सावकाश परत आणायची असते.

दोरीबद्दलही एक सांगायचे राहिले. क्लॉप्स्टेगच्या हिशेबात दोरीच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा धनुष्याच्या बोजात धरावा लागतो. दोरी जाड केली की हातगाडी जड झाली. भिल्लांच्या कमठ्याला सुताच्या दोरीऐवजी बांबूचीच बारीक चिरफळी बांधलेली दिसते, ती ताणली तरी वाढत नाही. आमच्या चिरंजिवांनी दुहेरी सुतळी लावली होती. धनुष्य मजबूत व्हावे म्हणून.

राहता राहिला आरियन आणि कर्टियस यांचा खटला. भारतीय धनुष्य माणसाएवढे, म्हणजे त्याची टोके जड, म्हणजे त्याचा आपला बोजाही मोठा. असल्या धनुष्याला हलका ग्रीक बाण लावला असता तर बळाचा मोठा हिस्सा लाकडातच राहिला असता. तीन हातांचा बाण हे त्या धनुष्यावर लादलेले ओझे नव्हते, त्याच्या मापाचे पोते होते. बळाच्या बाबतीत आरियनचेच खरे. पण कर्टियसला अगदीच घालवून देता येत नाही. इसवी सनापूर्वी ३२६ साली झेलमच्या काठी पोरसाशी झालेल्या लढाईचे वर्णन करताना तोच पुढे सांगतो की हे बाण लांब आणि जड असल्याने धनुष्य जमिनीवर टेकवल्याशिवाय नीट लावता येत नसत. त्या दिवशी जमीन निसरडी झाली होती, टेकवलेले धनुष्य सरकत होते, आणि तिरंदाज नेम धरेपर्यंत शत्रू अंगावर येत होता. बाणाने धनुष्याचे बळ पुरेपूर नेले असते, पण तो सुटायलाच उशीर होत होता.

हे सगळे मी बाबांना सांगितले, झेलम, चिखल, पाय देऊन ओढायचे धनुष्य. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “पावसात कशाला गेलते?”